तबकडीवरचे नाव: हिंदी चित्रगीतांच्या श्रोत्यांचा इतिहास

हिंदी चित्रपटसंगीताचा इतिहास संगीतकार, गायक आणि गीतकार यांच्या कारकिर्दींच्या आधारे लिहिण्याचा प्रघात आहे. परंतु त्या संगीतावर मते मांडणाऱ्या, त्यासाठी कडाकडा भांडणाऱ्या आणि वहीत त्याच्या नोंदी करून ठेवणाऱ्या श्रोत्यांनीही एक स्वतंत्र परंपरा उभी केली, आणि आज त्या संगीताविषयी जे काही निश्चितपणे सांगता येते, त्याचा फार मोठा भाग या परंपरेतूनच आलेला आहे. मराठीत ज्याला कौतुकाने कानसेन म्हटले जाते, त्या श्रोत्याची ही घडण प्रामुख्याने एका साध्या प्रश्नाभोवती झाली. ऐकू येणारे गाणे कोणाचे, हा तो प्रश्न होय. आज तो क्षुल्लक वाटेल. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यावर त्याचे उत्तर मिळण्याची सोय ना चित्रपटाच्या श्रेयनामावलीत खात्रीने होती, ना ध्वनिमुद्रिकेवर, ना आकाशवाणीवर.

बोलपटाच्या पहिल्या वर्षांत नट-नटी स्वतःच गात असल्यामुळे पडद्यावरचा चेहरा आणि आवाज एकाच व्यक्तीचे असत. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूपछाँव’ या चित्रपटात रायचंद बोराल यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली पार्श्वगायनाचा, म्हणजे गाणे आधी ध्वनिमुद्रित करून नटाने त्यावर केवळ ओठ हलवण्याच्या पद्धतीचा, अवलंब केला आणि पुढील दशकभरात चेहरा व आवाज यांची ताटातूट सार्वत्रिक झाली. ध्वनिमुद्रिकेने मात्र ही ताटातूट बराच काळ लपवून ठेवली. त्या वेळची ध्वनिमुद्रिका म्हणजे लाखेची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी, एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे वाजणारी आणि हातातून निसटली तर ठिकऱ्या होणारी काळी तबकडी. तिच्या मध्यभागी भोकाभोवती चिकटवलेल्या वर्तुळाकार कागदावर कंपनीचे बोधचिन्ह, तबकडीचा क्रमांक, चित्रपटाचे नाव आणि गाण्याचे आरंभीचे शब्द छापलेले असत. गायकाच्या जागी मात्र अनेकदा चित्रपटातील पात्राचे नाव घातले जाई. त्या छोट्याशा कागदावर जे छापले जाई, तेवढेच श्रोत्याला कळे.

१९४९ सालच्या ‘महल’ या बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटाने ही रीत अडचणीत आणली. खेमचंद प्रकाश यांचे संगीत असलेल्या त्या चित्रपटातील मधुबालेवर चित्रित झालेले गाणे विलक्षण लोकप्रिय झाले, परंतु तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे नाव होते, जे मधुबालेने रंगवलेल्या पात्राचे होते. गाणे रेडिओवर वाजू लागताच ही कामिनी कोण, अशी विचारणा करणारी श्रोत्यांची पत्रे येऊ लागली आणि ती इतकी वाढली की, अखेर ध्वनिमुद्रिका कंपनीकडून माहिती घेऊन लता मंगेशकर हे नाव रेडिओवरून जाहीर करावे लागले. त्याच वर्षीच्या ‘बरसात’च्या तबकड्यांवर आपले नाव छापले जावे, असा आग्रह स्वतः लता मंगेशकर यांनीही धरला होता आणि ती प्रथा हळूहळू रुजली. या बदलाचे श्रेय साहजिकच गायिकेच्या खंबीरपणाला दिले जाते. परंतु त्या आग्रहाला बळ मिळाले ते पत्र लिहिणाऱ्या अनाम श्रोत्यांमुळे, हे विसरता कामा नये. नाव मिळाले की कोडे सुटे, असे मात्र नव्हते. संगीतकार म्हणून सी. रामचंद्र, गायक म्हणून चितळकर आणि मराठी चित्रपटांत राम चितळकर अशी रामचंद्र नरहर चितळकर यांची नावे वेगवेगळ्या ठिकाणी येत, आणि ही तिन्ही नावे एकाच माणसाची आहेत, ही जुळणी दर्दी श्रोत्यांना आपसांतच करावी लागे.

गायकाचे नाव मिळते न मिळते तोच चित्रपटाचे नाव हरवण्याची वेळ आली. १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे शास्त्रीय संगीताचे मोठे पुरस्कर्ते होते आणि चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरील चित्रपटगीतांचे प्रमाण फार कमी करण्यात आले, शिवाय चित्रपटाचे नाव उच्चारणे म्हणजे जाहिरात ठरते म्हणून ते सांगणे बंद झाले. निर्मात्यांनीही गाणी वाजवण्याची परवानगी काढून घेतली. केसकरांनी शास्त्रीय संगीतासाठी जे केले, त्याचे मोल कमी नाही. तथापि ज्या श्रोत्याने रेडिओचा परवाना टपाल कार्यालयात पैसे भरून घेतला होता, त्याच्या आवडीला अपात्र ठरवण्याचा हा निर्णय अन्यायाचा होता, आणि त्या श्रोत्याने त्यावर केलेला उपायही सरळ होता. त्याने रेडिओची कळ फिरवली आणि काटा कोलंबोवर नेला.

कोलंबोचे केंद्र, म्हणजे रेडिओ सिलोन, दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांच्या आग्नेय आशिया विभागासाठी उभारलेल्या सामर्थ्यवान प्रक्षेपकाचे वारसदार होते, त्यामुळे त्याचा आवाज लघुलहरींवरून, म्हणजे शॉर्टवेव्हवरून, भारतभर पोहोचत असे. लघुलहरींचा आवाज स्थिर नसतो. तो भरतीसारखा चढतो आणि ओहोटीसारखा उतरतो, त्यामुळे मुखडा स्वच्छ ऐकू यावा आणि अंतरा खरखरीत बुडून जावा, हा अनुभव त्या पिढीच्या ऐकण्याचाच भाग झाला. सकाळच्या जुन्या चित्रपटगीतांच्या कार्यक्रमाची सांगता कुंदनलाल सैगल यांच्या गाण्याने करण्याचा तेथील परिपाठ इतका काटेकोर होता की, अनेक घरांत आठ वाजल्याचे सैगलच्या आवाजावरून कळे.

याच केंद्रावरून ३ डिसेंबर १९५२ रोजी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. सिबा कंपनीच्या दंतमंजनाची जाहिरात करणारा हा कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, त्याच्या फिती कोलंबोला पाठवल्या जात आणि बुधवारी रात्री आठ वाजता तो प्रसारित होई. पुढे हा कार्यक्रम लोकप्रियतेच्या क्रमवारीसाठी ओळखला गेला, परंतु त्याचे मूळ रूप वेगळे होते आणि श्रोत्यांच्या इतिहासाच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे आहे. आरंभी सात गाणी उलटसुलट क्रमाने वाजवली जात आणि ती कालानुक्रमे लावून पाठवणाऱ्यास शंभर रुपयांचे बक्षीस असे. निवेदक अमीन सयानी यांनी सांगितल्यानुसार पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली आणि वर्षभरात हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला. कोणते गाणे आधीचे आणि कोणते नंतरचे, हे ठरवण्यासाठी घराघरांत चित्रपटांची वर्षे आठवली जाऊ लागली. कालगणना हा इतिहासाचा पाया मानला जातो, आणि हिंदी चित्रगीतांच्या बाबतीत त्या पायाचा पहिला दगड असा एका दंतमंजनाच्या स्पर्धेत बसला.

पत्रांचा हा पूर आवरेनासा झाल्यावर दोन-एक वर्षांत कार्यक्रमाने क्रमवारीचे रूप घेतले. गाण्याच्या क्रमांकाला सयानी यांनी ‘पायदान’, म्हणजे शिडीची पायरी, हा शब्द रूढ केला, आणि दीर्घकाळ अग्रभागी राहिलेल्या गाण्याला ‘सरताज’ म्हणून सन्मानाने निवृत्त करण्याची पद्धत पडली. क्रमवारीसाठी तबकड्यांच्या विक्रीचे आकडे दुकानदारांकडून मागवले जात आणि त्यांच्या जोडीला श्रोतासंघांची मते घेतली जात. श्रोतासंघ म्हणजे गावोगावच्या शौकिनांनी स्थापन केलेली मंडळे, ज्यांचे सभासद एकत्र बसून गाणी ऐकत, मत ठरवत आणि ते पोस्टकार्डाने कळवत. त्यांच्या बैठकांत रफी आणि मुकेश, नौशाद आणि शंकर-जयकिशन असे तट पडत आणि एखादे गाणे पायदान चुकले, तर आठवडाभर वाद चाले. हे वाद पोरकट मानण्याची प्रवृत्ती आढळते, परंतु आपले मत पटवून देण्यासाठी अंतऱ्यातील एखादी जागा नेमकी दाखवावी लागे, आणि अशा दाखवण्यातूनच ऐकण्याला धार येत गेली.

केसकरांच्याच कारकिर्दीत, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, आकाशवाणीने विविध भारती सुरू करून चित्रपटगीतांना पुन्हा दार उघडले. सिलोन आणि विविध भारती या दोन्ही केंद्रांवरील फर्माईशीच्या, म्हणजे श्रोत्याने मागितलेले गाणे वाजवण्याच्या, कार्यक्रमांत गाण्याआधी मागणी करणाऱ्यांची नावे गावांसह एका दमात वाचली जात. गायकाला नाव मिळवून देणाऱ्या श्रोत्याचे स्वतःचे नावही असे आकाशात पोहोचले. आजच्या झारखंडमधील, अभ्रकाच्या खाणींमुळे भरभराटीला आलेले झुमरी तलैया हे गाव तर तेथून येणाऱ्या फर्माईशींमुळेच देशाला ठाऊक झाले. मनमाड-भुसावळपासून नागपूरपर्यंतच्या श्रोत्यांनी कधीही न पाहिलेले ते गाव त्यांना शेजारच्या गावाइतके ओळखीचे वाटे.

या साऱ्या पत्रव्यवहारातून नोंदी ठेवणाऱ्यांचा एक वर्ग तयार झाला आणि त्यांतील सर्वांत मोठे काम कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी केले. कानपूरहून निघणाऱ्या ‘लिसनर्स बुलेटिन’ या छोट्या नियतकालिकाच्या आधारे देशभरच्या श्रोत्यांशी संधान बांधून त्यांनी ‘हिंदी फिल्म गीत कोश’ सिद्ध केला. त्यात दशकवार खंड असून प्रत्येक चित्रपटाची गाणी, गायक, गीतकार, संगीतकार आणि तबकड्यांचे क्रमांक नोंदवलेले आहेत. १९५१ ते १९६० या दशकाचा खंड प्रथम, १९८० साली, निघाला, आणि १९३१ ते १९४० हा सर्वांत जुन्या, म्हणून सर्वांत अवघड काळाचा खंड १९८८ साली आला. तो अवघड का होता, हे ‘आलम आरा’च्या उदाहरणावरून ध्यानात येते. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकलेल्या या पहिल्या भारतीय बोलपटात सात गाणी होती, परंतु त्यांच्या तबकड्या निघाल्या नाहीत आणि चित्रपटाची एकही प्रत आज शिल्लक नाही. अशा वेळी चित्रपटगृहात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका आणि जुन्या जाहिराती हाच आधार उरतो. त्या पुस्तिका जपल्या होत्या त्या कोणत्याही संस्थेने नव्हे, तर शौकिनांनी, आपापल्या ट्रंकांत.

या वर्गाच्या सचोटीचा कस एका आकड्याच्या निमित्ताने लागला. १९७४ साली गिनीज विक्रमांच्या ग्रंथाने लता मंगेशकर यांच्या नावावर पंचवीस हजारांहून कमी नाहीत इतकी गाणी असल्याचे नोंदवले. मोहम्मद रफी यांनी त्याला आक्षेप घेऊन स्वतःचा त्याहून मोठा आकडा पुढे केला. वृत्तपत्रांनी दोन्ही आकडे छापले. श्रोत्यांनी मात्र कोशांचे खंड उघडून गाणी एकेक करून मोजायला घेतली, आणि मुंबईचे विश्वास नेरूरकर यांच्यासारख्या संकलकांच्या कामातून असे दिसून आले की, लताबाईंची हिंदी चित्रपटगीते पाच हजारांच्या आसपास भरतात. ज्यांनी आयुष्यभर त्या आवाजावर जीव टाकला, त्यांनीच त्या आवाजाभोवतीचा फुगीर आकडा पुराव्यानिशी खाली आणला. भक्ती आणि शिस्त एकत्र नांदू शकतात, याचे याहून बोलके उदाहरण मराठी सांस्कृतिक जीवनात क्वचितच सापडेल. १९९० साली मुंबईत स्थापन झालेली तबकडी-संग्राहकांची संस्था, म्हणजे सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स, याच शिस्तीचे पुढचे पाऊल होते. मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार येथे धूळ खात पडलेल्या तबकड्या पारखून घेणारी माणसे तिच्यामुळे एकमेकांना भेटू लागली.

तबकडीवर जे नव्हते, ते मात्र या परंपरेतूनही निसटले. पार्श्वसंगीत, म्हणजे प्रसंगाच्या मागे वाजणारे शब्दाविण संगीत, तबकडीवर सहसा येत नसे, त्यामुळे त्याची फर्माईश होत नसे आणि त्याला पायदानही मिळत नसे. वस्तुतः या विषयाचा विचार मराठी चित्रसृष्टीत फार लवकर झाला होता. प्रभातच्या ‘कुंकू’ या १९३७ सालच्या चित्रपटात दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत वर्ज्य करून नैसर्गिक आवाजांवर भिस्त ठेवली आणि शांता आपटे यांना ग्रामोफोनच्या साथीने गायला लावले. त्या चित्रपटाचे संगीतकार केशवराव भोळे हे ‘एकलव्य’ या टोपणनावाने गायकांवर मार्मिक लेख लिहिणारे, म्हणजे आधी श्रोते आणि मग रचनाकार झालेले गृहस्थ होते. पुढे १९६० साली बी. आर. चोप्रा यांच्या ‘कानून’मध्ये एकही गाणे नव्हते आणि सलील चौधरी यांनी केवळ पार्श्वसंगीत दिले. गीतांवर उभ्या असलेल्या कोशात अशा कामाला जागा कोठून मिळणार?

हीच गत संगीत संयोजकांची झाली. संयोजक म्हणजे संगीतकाराने दिलेल्या चालीभोवती वाद्यांची योजना करून ती स्वरलिपीत उतरवणारा कलावंत, आणि मुंबईत हे काम मोठ्या प्रमाणावर गोव्याच्या, चर्चमधील संगीतशाळेत पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेल्या वादकांकडे होते. शंकर-जयकिशन यांचे वाद्यवृंद घडवणारे सेबास्टियन डिसूझा त्यांच्यापैकीच. दर्दी श्रोते दोन अंतऱ्यांमधील ‘पीस’वर तासन्‌तास बोलत, परंतु तो पीस कोणी बांधला, हे तबकडीवर छापलेले नसल्यामुळे ती दाद संगीतकाराच्या खात्यावर जमा होई. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे नामवंत व्हायोलिनवादक आणि संयोजक होते. त्यांचे नाव घराघरांत पोहोचले ते १९७७ साली, त्यांचे शिष्य, संगीतकार प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’तील एका गाण्यात ते गुरूंच्या सन्मानार्थ गुंफले तेव्हा. ‘महल’च्या तबकडीवर गायिकेच्या जागी पात्राचे नाव छापले गेले होते, येथे एका वादकाचे खरे नाव अखेर लोकांपर्यंत गेले, तेही पडद्यावरच्या पात्राचे नाव म्हणून.