मांडवात गवई कशाला जातो?



कुठल्याही पक्षाचं अधिवेशन असलं की मांडवात कलाकार दिसतातच. कुणाला एखाद्या समितीवर जायचं असतं, कुणाला सरकारी महोत्सवातली तारीख हवी असते, कुणाला नुसता साहेबांबरोबर फोटो. बातमीदार म्हणून असे मांडव मी बरेच पाहिलेत. लोक नावं ठेवतात, की कलाकारानं पुढाऱ्याच्या दारात जावंच कशाला? मला हा प्रश्न अर्धा वाटतो. तिथं जाऊन तो मागतो काय, हे खरं विचारायला हवं. आपल्या कुरुंदवाडच्या एका माणसानं याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच दिलंय.

विष्णु दिगंबर पलुस्कर. जन्म १८७२ चा, वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले, म्हणून मुलाला गाण्याला घातलं. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तालीम आणि संस्थानिकांचा आश्रय. पोटाची काळजी नव्हती. पण एका समारंभाचं आमंत्रण विष्णुबुवांना आलं आणि त्यांच्या गुरूंना आलं नाही. का, तर ते काय, गवई! ही हकिकत त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितली जाते. राजाच्या मर्जीतला म्हणून मान, गाणारा म्हणून नाही, हे त्यांना तिथं कळलं. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली.

पुढं ५ मे १९०१ ला लाहोरात त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. दरबाराच्या नव्हे, लोकांच्या पैशावर चालणारी गाण्याची शाळा. चांगल्या घरातली मुलं गाणं शिकायला यावीत, यासाठी शिस्त, वेळापत्रक, छापील पुस्तकं, सगळं आणलं. तिकीट लावून जलसे केले. देणग्यांसाठी राजे, वकील, पुढारी अशा सगळ्यांची दारं वाजवली. आजच्या भाषेत ‘नेटवर्किंग’ म्हणा हवं तर. १९०८ मध्ये मुंबईतही विद्यालय सुरू केलं.

काँग्रेसच्या अधिवेशनांना ते जायचे ते याच वाटेनं. रेडिओ यायचा होता. पेशावरपासून मद्रासपर्यंतची शिकलेली, वजनदार माणसं एकाच मांडवात बसलेली आणखी कुठं मिळणार? तिथं बुवा ‘वंदे मातरम्’ गायचे. देशप्रेम होतंच. पण ज्या गवयाला समारंभाचं आमंत्रण मिळत नव्हतं, तो आता देशाच्या व्यासपीठावर उभा राहून सभेची सुरुवात करत होता, हेही त्यात होतं.

डिसेंबर १९२३, काकीनाडा अधिवेशन. अध्यक्ष मौलाना महंमद अली. बुवा गायला उभे राहिले तेव्हा, संगीत आपल्या धर्मात बसत नाही म्हणून मौलानांनी हरकत घेतली. हे राष्ट्रीय सभेचं व्यासपीठ आहे, कुण्या एका धर्माचं स्थान नाही, असं सांगून बुवांनी गाणं पूर्ण केलं.

हा प्रसंग हल्ली व्हॉट्सॲपवर हिंदू-मुसलमान करायला फिरवतात. त्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की बुवांची गायकी ग्वाल्हेरची, म्हणजे हद्दू-हस्सू खाँसाहेबांच्या घराण्यातली. बुवा धर्माशी भांडत नव्हते. गाण्याची जागा कुणाच्या मर्जीवर नसेल, ना राजाच्या ना अध्यक्षाच्या, एवढंच ते सांगत होते. मिरजेत न मिळालेलं उत्तर त्यांनी काकीनाड्यात दिलं.

आणि यातून त्यांना स्वतःला काय मिळालं? मुंबईतली विद्यालयाची इमारत कर्जापायी लिलावात गेली. एवढ्या ओळखी होत्या, तरी इमारत वाचली नाही. बुवा नाशिकला रामनामात रमले आणि २१ ऑगस्ट १९३१ ला मिरजेत गेले. पण शिष्य उभे राहिले होते. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास. त्यांनीच अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. आज तुमची मुलगी ‘गांधर्व’ची परीक्षा देते ना, ती इथून आलीय. आणखी एक शिष्य नारायण मोरेश्वर खरे गांधीजींच्या आश्रमात गेले, आश्रमाची भजनं त्यांनी बांधली, दांडीयात्रेत चालले. १९३८ मध्ये हरिपुरा अधिवेशनाच्या मुक्कामीच त्यांचं निधन झालं.

आता आजचा मांडव बघा. साहेबांना यायला दोन तास उशीर, तोवर गर्दी धरून ठेवायला गायक. गाडीचा सायरन ऐकू आला की कार्यकर्ता अंतऱ्याच्या मधेच माईक काढून घेतो. गायक हसून बाजूला होतो, कारण बिल अजून निघायचं असतं. त्याला दोष देत नाही मी, पोट प्रत्येकाला आहे. तबलजीची गाडीभाड्याची सोयसुद्धा त्याच बिलावर असते.

पण कलाकार मित्रांनो, निवडणुका येतील, बोलावणी येतील. जरूर जा. सगळ्या पक्षांकडे जा. फक्त जाताना दोन गोष्टी ठरवून जा. सुरू केलेलं गाणं पुरं करूनच उठायचं. आणि मागायचं ते एकट्यासाठी नाही. शाळेत संगीत शिक्षक मागा, नाट्यगृहाचं भाडं परवडेल एवढं करून मागा, म्हाताऱ्या वादकांचं मानधन वेळेवर मागा.

फोटो काय, आठवड्यात खाली सरकतो. मागून आणलेला शिक्षक तीस वर्षं मुलांना शिकवतो.