शेवट पाहावा

जॉर्ज ऑर्वेल ह्यांच्या 'नाइन्टीन एटी-फोर' ह्या कादंबरीवर नवा बोलपट निघणार, अशी वार्ता मधूनमधून उठते आणि आम्ही उत्सुकतेनें तिकडे कान लावतों. २०१२ सालीं असा एक संकल्प जाहीर झाला. २०१४ सालीं पॉल ग्रीनग्रास ह्या दिग्दर्शकाचें नांव ऐकूं आलें. बोलपट मात्र निघाला नाहीं. तो निघालाच तर त्यांत काय पाहावें, असें कोणी पुसल्यास आम्ही एवढेंच सांगूं कीं, शेवट पाहावा.

विन्स्टन स्मिथचें काम म्हणजे जुन्या वर्तमानपत्रांतील मजकूर सत्ताधीशांच्या सोयीप्रमाणें बदलणें. तो मनानें बंड करतो, पकडला जातो, त्याचा अनन्वित छळ होतो. आणि अखेर ज्या 'बिग ब्रदर'चा त्याला द्वेष, त्याच्यावरच त्याचें प्रेम बसतें. मनुष्याचें अंतःकरणही राज्ययंत्रास काबीज करतां येतें, ही कादंबरीची सारी भीति त्या शेवटांत आहे. कादंबरी जून १९४९ मध्यें प्रसिद्ध झाली व जानेवारी १९५० मध्यें ऑर्वेल वारले. पडद्यावर तिचें काय झालें, तें पाहण्याचा योग त्यांस आला नाहीं.

१२ डिसेंबर १९५४ रोजीं रविवारीं बी. बी. सी.नें दूरचित्रवाणीवर तिचा नाट्यप्रयोग केला. रूपांतर नायजेल नील ह्यांचें, दिग्दर्शन रुडॉल्फ कार्टियर ह्यांचें, विन्स्टनच्या भूमिकेंत पीटर कुशिंग. छळाचे प्रसंग पाहून विलायतेंत गहजब झाला. पार्लमेंटच्या कांहीं सभासदांनीं निषेधाचा ठराव मांडला. तरी पुढच्या गुरुवारीं नटमंडळींनीं तेंच नाटक पुन्हा प्रत्यक्ष वठवून दाखविलें! आज उपलब्ध आहे तें ह्या दुसऱ्या प्रयोगाचें चित्रमुद्रण. शेवटास कोणीं हात लावला नव्हता.

त्याच वर्षीं ऑर्वेल ह्यांच्याच 'ॲनिमल फार्म'वर व्यंगचित्रपट निघाला. पुस्तकांत बिचारीं जनावरें खिडकींतून पाहतात आणि डुकरें कोणतीं, माणसें कोणतीं हें त्यांस ओळखूं येत नाहीं. चित्रपटांत तीं उठाव करून डुकरांची सत्ता उलथून टाकतात. ह्या चित्रपटामागें अमेरिकन गुप्तहेर खात्याचा पैसा होता, हें पुढें उघड झालें. १९५६ मध्यें मायकेल अँडरसन ह्यांनीं 'नाइन्टीन एटी-फोर'चा बोलपट केला, त्याचे तर दोन शेवट चित्रित झाले. एकांत नायक सत्तेचा धिक्कार करीत गोळी खाऊन मरतो. प्रेक्षकांस हायसें वाटलें असेल. परंतु जुना मजकूर सोयीप्रमाणें बदलणें हाच ज्या नायकाचा धंदा, त्याच्याच कथेवर तो प्रयोग व्हावा, ह्याचें आम्हांस हसूं येतें.

मायकेल रॅडफर्ड ह्यांनीं १९८४ सालीं, कादंबरींतल्याच महिन्यांत, लंडनमध्यें चित्रण केलें. ऑर्वेल ह्यांच्या पत्नी सोनिया ह्यांनीं निधनापूर्वीं हक्क देतांना वैज्ञानिक करामतींचा थाट नको, अशी अट घातली होती. ती पाळली गेली. जॉन हर्ट ह्यांचा विन्स्टन अखेरपर्यंत पराभूतच राहतो. रिचर्ड बर्टन ह्यांचा हा शेवटचा बोलपट. तो प्रदर्शित होण्यापूर्वींच, ऑगस्टमध्यें, ते निवर्तले.

२०२० अखेर विलायतेंत ग्रंथाचा स्वामित्वहक्क संपला. अमेरिकेंत तो २०४४ अखेरपर्यंत चालावयाचा. अटी घालावयास आतां सोनियाबाईही नाहींत. नवा बोलपट आला तर आम्ही तिकीट काढूं, तें उपाहारगृहांत जिनचा पेला व बुद्धिबळाचा पट पुढें घेऊन एकटा बसलेला विन्स्टन पाहण्यासाठीं.