सातशे मालकांचं स्टेशन

आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत सध्या एकच विषय रंगतो आहे. गावातली जुनी शाळाखोली रिकामी पडली आहे. ती भाड्यानं घ्यायची, दुरुस्त करायची आणि तिथं मसाल्याचं काम सुरू करायचं का? काही जणी म्हणतात घ्या. काही जणी म्हणतात, पैसे अडकले तर कोणाच्या दारात जायचं? त्यांचंही चुकीचं नाही. मागे एका भिशीत हात पोळलेल्या बाया आमच्यात आहेत. म्हणून आज आम्ही तुम्हाला एका रिकाम्या इमारतीचाच इतिहास सांगणार आहोत. ती इमारत आहे दूर जर्मनीत, आणि ते एक रेल्वे स्टेशन आहे.

जर्मनीच्या दक्षिणेला आल्गॉय नावाचा डोंगराळ भाग आहे. गाईगुरं, दूध आणि चीज यासाठी तो ओळखला जातो. तिथं लॉइटकिर्श नावाचं गाव आहे. आजूबाजूच्या वाड्यावस्त्या धरून वस्ती बावीस-तेवीस हजारांची, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी. तिथं पहिली गाडी आली 1872 साली. तेव्हा हा मुलूख व्युर्टेंबर्गच्या राजाच्या ताब्यात होता आणि रेल्वेही त्याच राज्याची. दोन वर्षांनी, 1874 मध्ये, रूळ पुढे इझनी गावापर्यंत गेले. 1889 मध्ये दुसरीकडून मेमिंगेनचा मार्ग येऊन मिळाला. असं लॉइटकिर्श जंक्शन झालं.

त्या काळी अशा लहान स्टेशनावर काय काय असायचं, ते डोळ्यांसमोर आणा. स्टेशनमास्तर, तिकिटाची खिडकी, बसायच्या खोल्या, बाजूला मालधक्का. सिग्नल हातानं खटका ओढून हलवायचे आणि खटक्यापासून खांबापर्यंत लांबलचक तार गेलेली असायची. मार्ग बराचसा एकेरी रुळाचा. त्यामुळे समोरासमोरून येणाऱ्या गाड्या स्टेशनातच एकमेकींना वाट देतात. एक थांबते, दुसरी निघून जाते, मग पहिली सुटते. अरुंद बांधावर आपण डोक्यावर भारा घेऊन समोरचीला वाट देतो ना, तसंच.

पुढे मोटारी वाढल्या, माल ट्रकनं जाऊ लागला. इझनीकडचा फाटा बंद पडला. तिकिटाच्या खिडकीची जागा यंत्रानं घेतली. 1994 मध्ये जर्मन रेल्वेची कंपनी झाली. कंपनीला रूळ हवे होते, फलाट हवे होते, पण माणसं नसलेल्या मोठाल्या इमारती नको होत्या. देशभरात अशा शेकडो इमारती विकायला निघाल्या. कुठं गोदाम झालं, कुठं कुलूप लागलं. लॉइटकिर्शची एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची देखणी इमारतही अशीच ओस पडत चालली. गाड्या येत होत्या, जात होत्या, पण उतरणाऱ्या माणसाला पहिलं दर्शन व्हायचं ते कळकट भिंतींचं.

तेव्हा गावातली काही माणसं एकत्र आली. त्यांनी 2010 मध्ये सहकारी संस्था काढली. एक शेअर एक हजार युरोचा, तेव्हाच्या भावानं साधारण साठ हजार रुपयांचा. रक्कम लहान नव्हती. तरी सातशेच्या आसपास लोक सभासद झाले आणि दहा लाख युरोंहून जास्त भांडवल जमलं. कित्येकांनी पैशाबरोबर श्रमदानही केलं. 2012 मध्ये इमारत पुन्हा उघडली. खाली खानावळ, वर कचेऱ्या. त्या खानावळीत बिअरही मिळते, बरं का. दारूबंदीसाठी मोर्चे काढलेल्या आपल्या बायांना हसू येईल, पण त्या मुलखाची रीत तशी आहे.

आता कारभार कसा वाटला गेला, ते नीट ऐका. गाड्या, रूळ आणि फलाट रेल्वेकडेच राहिले. इमारत मात्र गावकऱ्यांच्या संस्थेकडे आली. 2020 च्या डिसेंबरपासून त्या मार्गावर विजेवर गाड्या धावू लागल्या आहेत. रेल्वे आपलं काम करते, संस्था आपलं. जे काम आपलं नाही, त्यात संस्था पडली नाही.

आता तुम्ही विचाराल, एवढा भरवसा लोकांना आला कुठून? मैत्रिणींनो, तो एका दिवसात आला नाही. 1846-47 च्या हिवाळ्यात जर्मनीत उपासमार होती. तेव्हा वायरबुश गावचे प्रमुख फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन यांनी सधन लोकांकडून पैसा उभा करून गरिबांना पीठ आणि भाकरी मिळण्याची सोय केली. पुढे त्यांच्या लक्षात आलं की दानानं आजची भूक भागते, पण कर्ज फिटत नाही. म्हणून 1864 मध्ये त्यांनी हेडेसडॉर्फला शेतकऱ्यांची पतसंस्था काढली. तिथं सभासद एकमेकांना ओळखणारे आणि एकमेकांसाठी जबाबदार असत.

ही गोष्ट आपल्यापासून वाटते तेवढी लांब नाही. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो नगर जिल्ह्यातही पसरला. शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्न सरकारलाही टाळता येईना. पुढे मद्रासचे अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी युरोपातल्या अशा संस्थांचा अभ्यास करून अहवाल लिहिला आणि रायफायझनचा मार्ग सुचवला. 1904 मध्ये भारतात सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. आज आपल्या गावात जी सोसायटी आहे, तिचं मूळ तिथवर जातं.

जर्मनीत सुरुवातीला अशा संस्थेत एक मोठी भीती होती. संस्था बुडाली तर सभासदाचं घरदारही जायचं. 1889 च्या कायद्यानं मर्यादित जबाबदारीची सोय केली, म्हणजे ठरल्या रकमेपलीकडे सभासदाला तोशीस नाही. त्याच कायद्यानं बाहेरच्या माणसाकडून हिशेबतपासणी सक्तीची केली. आणि सहकाराचा जुना नियम असा की शेअर कितीही असोत, माणशी मत एकच. लॉइटकिर्शच्या लोकांनी पैसे दिले ते नुसत्या प्रेमापोटी नाही. किती बुडू शकतं, हिशेब कोण तपासणार आणि आपलं मत मोजलं जाणार का, हे त्यांना आधी माहीत होतं.

आमच्या शाळाखोलीचं काय होईल, ते अजून ठरलेलं नाही. पण आता बैठकीत 'घ्यायची की नको' याआधी आम्ही तीन प्रश्न फळ्यावर लिहिले आहेत. एकीनं जास्तीत जास्त किती घालायचे? वही दर महिन्याला कोण तपासणार? आणि अंगठा उठवणाऱ्या आजीचं मत अध्यक्षताईंच्या मताएवढंच धरलं जाईल का? भिशीत पोळलेली आमची एक मैत्रीण कायम दाराशी बसायची. हे प्रश्न लिहिले त्या दिवशी ती पुढे येऊन बसली. वही तपासायचं काम तिनंच मागून घेतलं आहे.

तुमच्याही गावात एखादी कुलूप लागलेली इमारत असेल. कुलूप उघडण्याआधी हे तीन प्रश्न तुमच्या गटात जरूर विचारा.