‘नाही’ म्हणणारं सेंटर

“दादा, तू मालवणला स्कूबा केलं होतंस ना? कुठलं सेंटर चांगलं आहे? डिसेंबरात आम्ही चौघी जातोय.”

धाकट्या बहिणीचा हा मेसेज आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. पण उत्तर द्यायला तीन तास लागले ते मीटिंगमुळे नाही. मला त्या सेंटरचं नावच आठवत नव्हतं. शेवटी ते माझ्याच जुन्या रिव्ह्यूत सापडलं. ‘भारी अनुभव, नक्की करा’, आणि पाच स्टार.

तीन वर्षांपूर्वी आम्ही ऑफिसातले सहा जण गेलो होतो. किनाऱ्यावर एकाने गाठलं, दुसऱ्याने त्याच्यापेक्षा दोनशे रुपये कमी सांगितले, वर ‘व्हिडिओ फ्री’. आम्ही दुसऱ्याच्या बोटीत चढलो. मला सर्दी होती. आमच्यातल्या एकाच्या खिशात दम्याचा पंप होता. दोन्ही गोष्टी कुणी विचारल्या नाहीत, आणि आम्हीही सांगितल्या नाहीत. खाली जाताना कान दुखायला लागला. मी कानाकडे बोट दाखवलं. माझी टाकी धरून असलेल्या माणसाने ‘सगळं ठीक’ची खूण केली आणि आणखी खाली नेलं. पुढचे दहा दिवस त्या कानात शिट्टी वाजत होती. ते पाच स्टार मी त्याच रात्री दिले होते, कान दुखत असताना. व्हिडिओ चांगला आला होता ना.

बहिणीला लहानपणापासून दमा आहे.

ऑफिसात सर्व्हर कोसळला की दुसऱ्या दिवशी आम्ही पोस्टमॉर्टेम लिहितो. काय झालं, कशामुळे झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलायचं. आमच्या चेकलिस्टमधल्या प्रत्येक कंटाळवाण्या ओळीमागे कुणाची तरी वाया गेलेली रात्र असते. ‘चांगलं डायव्हिंग सेंटर कसं निवडावं’ याच्या याद्या नेटवर ढिगाने आहेत. पण यादीतली ओळ तिथे का आली हे माहीत नसेल, तर समोरचा ‘चालतंय हो’ म्हणाला की आपण ती सोडून देतो. म्हणून मी त्या ओळींची पोस्टमॉर्टेम्स शोधायला लागलो. पहिलं सापडलं ते समुद्रात नव्हे, एका नदीवरच्या पुलाच्या पायात.

पुलाखालचे मजूर

अमेरिकेत सेंट लुइसला जेम्स ईड्स मिसिसिपी नदीवर पूल बांधत होता. पाया खडकापर्यंत न्यायचा, तर नदीच्या तळाशी काम करायला कोरडी जागा हवी. त्यासाठी खालून उघड्या अशा प्रचंड पेट्या तळाशी बसवल्या होत्या. पाणी आत शिरू नये म्हणून त्यात दाबाने हवा भरायची, आणि त्या हवेत उभं राहून मजुरांनी खणायचं. १८७० मध्ये पेटी जसजशी खोल गेली, तसतसे बाहेर आलेले मजूर कोसळायला लागले. सांधे धरायचे, पाय लुळे पडायचे. डझनभराहून जास्त जण मेले. मजुरांवर उपचार करणारे डॉक्टर अल्फॉन्स जॅमिने स्वतः आत जाऊन आले, घाईने बाहेर पडले आणि काही काळ त्यांनाही हातपाय हलवता येईनात. वेदनेने वाकून चालणाऱ्यांना सोबतचे मजूर चिडवायचे. तेव्हा बायकांमध्ये पुढे झुकून चालायची ‘ग्रीशियन बेंड’ नावाची फॅशन होती. त्या थट्टेतून या आजाराला ‘बेंड्स’ हे नाव पडलं.

कारण १८७८ मध्ये फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी सविस्तर मांडलं. दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि शरीरात विरघळतो. दाब हळू कमी झाला तर तो फुप्फुसावाटे निघून जातो. एकदम कमी झाला, तर सोड्याची बाटली खाडकन उघडल्यासारखं होतं: शरीरातच बुडबुडे. अशा रुग्णाला ऑक्सिजन द्यावा, हेही बेर यांनीच सुचवलं होतं.

तर सेंटरला विचारायचा पहिला प्रश्न: बोटीवर ऑक्सिजनचा सिलिंडर आहे का? ‘आहे’ एवढ्यावर थांबायचं नाही. ‘दाखवा’ म्हणायचं, आणि तो लावता कुणाला येतो तेही विचारायचं. सहा-सात मीटरवर थोडा वेळ राहिलं तर बेंड्स होण्याची शक्यता फार कमी असते, हे खरं. पण फुप्फुसाला इजा झाली किंवा नाकातोंडात पाणी गेलं, तरी पहिली मदत ऑक्सिजनचीच असते.

बकऱ्यांनी लिहिलेलं वेळापत्रक

दाब हळू कमी करायचा, पण किती हळू? ब्रिटिश नौदलाने हा प्रश्न जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाकडे दिला. त्यांनी लंडनमध्ये पोलादी टाकीत बकऱ्या ठेवल्या, दाब वाढवला आणि वेगवेगळ्या पद्धतींनी कमी केला. एखादी बकरी पुढचा पाय उचलून धरायला लागली, की समजायचं, सांध्यात दुखतंय. त्यातून कुठल्या खोलीवर किती वेळ राहिलं तर वर येताना कुठे किती थांबायचं, याचे तक्ते तयार झाले. ते १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधीच, १९०६ मध्ये, याच पद्धतीने नौदलाचे पाणबुडे २१० फुटांपर्यंत जाऊन धडधाकट वर आले होते. आज मनगटावर बांधायचा डाइव्ह कॉम्प्युटरही मुळात याच कल्पनेवर चालतो.

मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की त्या दिवसापासून पाण्याखालचं धाडस आकड्यांत मांडता यायला लागलं. म्हणून दुसरा प्रश्न आकड्यांचा: किती मीटर नेणार? किती वेळ? एका प्रशिक्षकामागे किती जण? चांगलं सेंटर हे बोटीत चढायच्या आधी सांगतं. ‘मस्त खोल नेतो, मजा येईल’ हे उत्तर नव्हे.

याच गणितातला एक नियम पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी सगळ्यात मोठा आहे: पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. तिथे छातीभर श्वास घेऊन, तो रोखून वर आलात तर ती हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटायला दीड-दोन मीटरही पुरतात. ही गोष्ट किनाऱ्यावर, शांतपणे, तुमच्या भाषेत समजावून सांगितली नाही, तर त्या बोटीत चढू नका. आम्हाला तीन खुणा शिकवल्या होत्या, त्यातली एक फोटोसाठी पोझ देण्याची होती.

गाडीचा व्हॉल्व्ह

१९४३ पर्यंत खोल पाण्यात जायचं म्हणजे बहुतेक वेळा धातूचं शिरस्त्राण, वरून हवा देणारी नळी आणि पंप चालवणारी माणसं. युद्धकाळात फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेना, तेव्हा एमिल गान्यां या इंजिनिअरने गाड्या गॅसवर चालवण्यासाठी एक व्हॉल्व्ह बनवला होता. नौदल अधिकारी जाक कुस्तो त्याला भेटला, आणि त्या व्हॉल्व्हमधून दोघांनी ‘अ‍ॅक्वा-लंग’ तयार केला. श्वास ओढला की, आणि ओढाल तेवढीच, हवा मिळते, तीही आजूबाजूच्या पाण्याइतक्याच दाबाने. माणूस नळीपासून सुटला.

आणि चारच वर्षांत पहिलं मोठं पोस्टमॉर्टेम आलं. १९४७ मध्ये कुस्तोच्या तुकडीतला मोरिस फार्ग, अतिशय अनुभवी पाणबुड्या, किती खोल जाता येतं याची चाचणी घेत होता. दोरीला ठरावीक अंतरावर पाट्या बांधलेल्या होत्या. पोचला की त्याने पाटीवर सही करायची. वर ओढला तेव्हा त्याच्या तोंडातली नळी सुटलेली होती. तो वाचला नाही. शेवटची सही सुमारे १२० मीटरवर सापडली. तेवढ्या खोलीवर नायट्रोजनची दारूसारखी नशा चढते.

यंत्र हवा देतं, अक्कल देत नाही. सुरुवातीच्या टाक्यांवर तर हवा किती उरली हे दाखवणारा काटाही नसायचा. श्वास जड झाला की एक दांडी ओढून राखीव हवा सुरू करायची, आणि ती दांडी आधीच ओढली गेलेली असेल, तर संपलं. म्हणून तिसरा प्रश्न साहित्याचा. प्रत्येक टाकीला दाब दाखवणारा काटा आहे का? प्रशिक्षकाकडे तोंडात धरायची जादा नळी आहे का? टाकी भरणारा कॉम्प्रेसर हवा कुठून ओढतो? त्याच्या शेजारी डिझेल इंजिनाचा धूर असेल, तर तोच धूर तुमच्या टाकीत जातो. आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

शिकवणाऱ्यांना कोण शिकवतं?

युद्धानंतर हे साहित्य दुकानात विकायला आलं. पैसे मोजा, टाकी घ्या, उडी मारा. साहजिकच माणसं बुडायला लागली. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस काउंटीने स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेत आपली माणसं धाडली, संशोधकांना डायव्हिंग कसं शिकवतात ते पाहिलं, आणि सामान्य लोकांसाठी अभ्यासक्रम उभा केला. ब्रिटनमध्ये १९५३ मध्ये ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब, १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय सीएमएएस, १९६० मध्ये नाऊई, १९६६ मध्ये पाडी. सेंटरच्या बोर्डावर दिसणारी बोधचिन्हं इथून आली.

पण बोर्ड कुणीही रंगवतो. म्हणून चौथा प्रश्न: पाण्यात माझ्यासोबत नेमकं कोण असेल? त्याचं नाव आणि प्रशिक्षक क्रमांक मागा आणि त्या संघटनेकडे पडताळून पाहा. सेंटरचा मालक प्रशिक्षक आहे, याने तुमची टाकी धरणारा प्रशिक्षक होत नाही.

आणि मेडिकल फॉर्म. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन अशा प्रश्नांपैकी काहींना ‘हो’ म्हटलं की डॉक्टरांच्या सहीशिवाय पाण्यात जायचं नाही. हा फॉर्म म्हणजे सेंटरने स्वतःच्याच गल्ल्यावर लावलेलं कुलूप आहे. तुम्ही उडी मारलीत तरच त्यांना पैसे मिळतात, तरीही ते तुम्हाला थांबवायचं कारण शोधतायत. त्यामुळे सेंटर ओळखायला याहून चांगली खूण मला सापडली नाही.

धोका फक्त पाण्याखाली नसतो, हेही लक्षात ठेवायला हवं. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. बोटीत किती माणसं आहेत, प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का, हे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे. इथल्या पोरांना समुद्र कळत नाही असं मुळीच नाही; तो त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो. शिकायची सोयही आहे: पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीलाच स्कूबाचं प्रशिक्षण केंद्र उभारलंय. पण दोनशे रुपयांसाठी बोट बदलणारे आम्ही होतो, आणि त्यावर पाच स्टार देणाराही मीच.

मी सात ठिकाणी फोन केले. वरचे सगळे प्रश्न विचारले आणि शेवटी एक माझा: “तुम्ही शेवटचं कुणाला परत पाठवलंत?”

बहुतेकांना प्रश्नच कळला नाही. “परत कशाला पाठवू? घाबरू नका, काय होत नाय.” एकजण मात्र लगेच म्हणाला, “काल. एका काकांचा फॉर्म. आणि परवा तर बोटच सोडली नाही, वारा होता.” त्याचा दर सगळ्यांत जास्त होता. फॉर्म त्याने स्वतःहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला.

बहिणीने तो प्रामाणिकपणे भरला. दम्यासमोर ‘हो’. तिच्या छातीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, या वर्षी नको. सेंटरने तिचे पैसे परत केले. ती माझ्यावर चिडली. “तुझ्या मित्राने खिशात पंप ठेवून केलंच ना? त्याला काय झालं?”

काहीच झालं नव्हतं. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या ऑफिसातही, बॅकअप नसताना सर्व्हर महिनोन्‌महिने नीट चालतो.

डिसेंबरात चौघी गेल्या. तिघी पाण्यात उतरल्या, ती बोटीत बसून राहिली. संध्याकाळी तिने मला एक व्हिडिओ पाठवला. पाण्यावर फक्त बुडबुडे फुटताना दिसत होते. सोबत काही लिहिलं नव्हतं.

मी माझा जुना रिव्ह्यू उघडला. स्टार कमी केले आणि ‘भारी अनुभव’ खोडून लिहिलं: ‘सर्दी आहे का, दमा आहे का, कुणीही विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही.’