सागरी तेलगळती : पर्यावरणहानीचे कायदेशीर दायित्व

जहाज, तेलविहीर किंवा समुद्रतळावरील वाहिनीतून तेल सांडून समुद्राची व किनाऱ्याची हानी झाल्यास ती कोणी व किती भरून द्यायची, हे ठरवणारे नियम. १९६७ मध्ये टोरी कॅनियन हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ खडकांवर आदळले. त्यानंतर १९६९ चा नागरी दायित्व करार झाला. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, त्याला विमा सक्तीचा आहे, पण भरपाईला कमाल मर्यादाही आहे. मर्यादेपलीकडचे नुकसान समुद्रमार्गे तेल घेणाऱ्या कंपन्यांच्या वर्गणीतून उभ्या केलेल्या निधीतून भरून दिले जाते. त्या निधीलाही मर्यादा आहेच. भारतात ही व्यवस्था व्यापारी जहाज कायदा, १९५८ मधून लागू झाली.

तिच्यात मोठी उणीव आहे. निसर्गाच्या हानीसाठी केवळ पुनर्स्थापनेचा वाजवी खर्च मिळतो. कांदळवन पुन्हा लावले तर त्याचा खर्च मागता येतो. ते मेले म्हणून वेगळी किंमत मिळत नाही. शिवाय हा करार तेलवाहू जहाजांपुरता आहे. रायगडच्या किनाऱ्याला मोठा फटका बसला तो मात्र मालवाहू जहाजाच्या स्वतःच्या इंधनाचा. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा व खलीजिया-३ या जहाजांची टक्कर झाली, सुमारे ८०० टन तेल सांडले आणि तवंग उरण-अलिबागपर्यंत गेला. जहाजाच्या इंधनासाठीचा २००१ चा वेगळा करार तेव्हा जगात लागू होता, पण भारत त्यात नव्हता.

पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ रोजी, रॅक कॅरियर हे मालवाहू जहाज मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडाले. त्यात ६० हजार टनांहून अधिक कोळसा, २९० टन इंधन तेल व ५० टन डिझेल होते. एका पर्यावरण कार्यकर्त्याच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने २३ ऑगस्ट २०१६ रोजी जहाजाशी संबंधित कतारच्या डेल्टा समूहाच्या कंपन्यांवर १०० कोटी रुपयांची भरपाई लादली. कोळसा ज्यांचा होता, त्या अदानी एंटरप्रायझेसलाही ५ कोटी भरायला सांगितले. घटनास्थळ प्रादेशिक समुद्राच्या १२ मैलांपलीकडे होते. तरीही आपला अधिकार तेथे चालतो, हे लवादाने स्पष्ट केले. या निकालाचे खरे मोल त्यातच आहे.

हानी मात्र किनाऱ्यावर थांबत नाही. महाडजवळच्या शिवथर खोऱ्याचे पाणी सावित्रीतून बाणकोटच्या खाडीला मिळते आणि समुद्राची भरती त्याच खाडीतून महाडच्या दिशेने आत चढते. मुखाशी आलेला तवंग आतल्या मासेमारीलाही गाठू शकतो. अशा मच्छीमाराला भरपाईसाठी तेल कोणाचे हे दाखवावे लागते, म्हणून पहिल्याच दिवशी तेलाचे नमुने घेणे, पंचनामा करणे आणि माशांच्या विक्रीच्या पावत्या जपणे निर्णायक ठरते.

तेलविहिरी व समुद्रतळावरील वाहिन्यांसाठी जहाजांसारखा जागतिक करार नाही. मुंबई हायपासून उरणपर्यंत वाहिन्या असलेल्या या किनाऱ्याला त्यासाठी हरित लवाद कायदा, २०१० हाच मुख्य आधार. त्याच्या कलम १७ मध्ये चूक सिद्ध न करताही दायित्व येते. कलम १५ मध्ये पर्यावरण पूर्ववत करण्याचा आदेश मागता येतो, पाच वर्षांच्या आत.