आपापलें सुवर्णयुग

मनुष्यजातीच्या सुवर्णयुगाचा शोध पंडित पुराणांत घेतात. परंतु एकट्या मनुष्याचें सुवर्णयुग सांपडणें फार सोपें आहे. त्याच्या जन्मसालांत पंधरा-वीस वर्षें मिळवावीं, म्हणजे तें हातीं लागतें. राजकारण, नाटक, गायन यांविषयीं हें जितकें खरें, तितकेंच खेळांविषयींही खरें आहे. अमेरिकेंतील बास्केटबॉल हें याचें बोलकें उदाहरण होय. जेम्स नेस्मिथ यांनीं स्प्रिंगफील्ड येथें १८९१ सालीं हा खेळ निर्माण केला. एवढ्या थोड्या काळांत त्याचेंही एक पुराण तयार झालें आहे.

आज पन्नाशींत असलेल्या रसिकाजवळ लेब्रॉन जेम्सचें नांव काढावें, कीं तो मायकेल जॉर्डनचें नांव पुढें करतो. जॉर्डन अंतिम मालिकेंत सहा वेळां उतरला व सहाही वेळां जिंकला. जेम्सनें पहिल्या दहा अंतिम मालिकांपैकीं चारच जिंकल्या. आकडे खरे आहेत. परंतु त्यांची निवड स्मृतीनें केलेली आहे. १९९१ पूर्वीं जॉर्डनचा संघ अंतिम मालिकेपर्यंत पोंचलाच नव्हता. १९९५ सालीं, निवृत्तीनंतर तो परत आला तेव्हां, ऑर्लंडोनें त्याच्या संघास हरविलें. अखेरचीं दोन वर्षें तो वॉशिंग्टनकडून खेळला, तीं तर कोणी आठवीतही नाहीं. भक्ताच्या मनांत उरली आहे ती १४ जून १९९८ ची रात्र, आणि पांच सेकंद राहिले असतां टाकलेला तो विजयी चेंडू!

गंमत अशी कीं, हाच जॉर्डन तरुण असतांना त्या वेळचे वडीलधारे त्यास मॅजिक जॉन्सन व लॅरी बर्ड यांच्या तराजूंत तोलून हलका ठरवीत. हा गुण पुष्कळ मिळवितो, पण संघाला जिंकवीत नाहीं, असा त्यांचा आक्षेप असे. कालचा आरोपी आज देव झाला आहे, आणि त्याचेच भक्त नव्या आरोपींवर खटले भरीत आहेत.

याहून मागें गेल्यास धुकें अधिकच दाट होतें. २ मार्च १९६२ रोजीं हर्शी या गांवीं विल्ट चेंबरलेननें एकाच सामन्यांत १०० गुण केले. प्रेक्षक चार हजारांच्या आसपास. चलच्चित्र उरलेलें नाहीं. जेथें चित्र नाहीं, तेथें कल्पना मोकळी सुटते. परंतु म्हणून जुन्यांना लहान लेखणें हाही अन्यायच होय. बिल रसेलनें तेरा मोसमांत अकरा विजेतेपदें मिळविलीं. तेव्हां संघ थोडे होते हें खरें. पण १९६१ सालीं केंटकी राज्यांतील एका उपाहारगृहानें त्याच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना अन्न नाकारलें, आणि तो व ते न खेळतां परत गेले, हेंही तितकेंच खरें. हें ओझें कोणत्या आंकड्यांत मांडावयाचें?

नियमांचीही तीच कथा. तीन गुणांची रेषा या व्यावसायिक स्पर्धेंत १९७९ सालीं आली. स्टीफन करी दुरून चेंडू टाकतो म्हणून नाक मुरडणारे हें विसरतात, कीं त्यांच्या लहानपणचा खेळही त्यांच्या वडिलांच्या दृष्टीनें बिघडलेलाच होता. २००१ सालीं बचावाला क्षेत्र राखण्याची मुभा मिळाली; २००४ सालीं हातानें अडविण्यावर निर्बंध कडक झाले. एका हातानें नियमांनीं दिलें, दुसऱ्यानें घेतलें.

आम्ही इतिहासाचे अध्यापक. म्हणून आमचा अपराध मोठा. आजचे खेळाडू नाजूक झाले असें आम्हीं एकदां वर्गांत मोठ्या आवेशानें सांगितलें. मागच्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें नम्रपणें विचारलें, "सर, या वर्षीं आपण एखादा सामना शेवटपर्यंत पाहिला का?" आम्हीं पाहिला नव्हता. जॉर्डनचे मात्र दहा-दहा वेळां पाहिले होते. पुराव्यावांचून निकाल देऊं नये, हें ज्यांना आम्ही वर्षानुवर्षें शिकवीत आलों, त्यांच्यांतीलच एकानें आमचा निकाल रद्द केला!

त्या रात्रीं आम्हीं एक संपूर्ण सामना पाहिला. जॉर्डन आमच्या मनांत होता तेथेंच राहिला. मात्र त्याच्याशेजारीं थोडी जागा रिकामी झाली. स्मृतीला साक्षीदार म्हणून अवश्य बोलवावें. न्यायासनावर मात्र तिला बसवूं नये.