सुखोई एसयू-५७

सुखोई एसयू-५७ : रशियाचे पाचव्या पिढीतील एकआसनी, दोन इंजिनांचे बहुउद्देशीय लढाऊ विमान.

सोव्हिएत काळात आखलेला मिग १.४४ या लढाऊ विमानाचा प्रकल्प निधीअभावी रखडला. २००० मध्ये ते विमान उडाले, पण उत्पादन झाले नाही. २००२ मध्ये नव्या विमानाचे काम सुखोई कंपनीकडे आले. टी-५० हे आद्यरूप २९ जानेवारी २०१० रोजी चाचणी वैमानिक सेर्गेई बोगदान यांनी कोम्सोमोल्स्क-ऑन-आमूर येथे प्रथम उडवले. पहिले उत्पादित विमान डिसेंबर २०१९ मध्ये चाचणीत कोसळले आणि हवाई दलाच्या हाती विमान येण्यास डिसेंबर २०२० उजाडले.

रडारवर कमी दिसावे म्हणून क्षेपणास्त्रे पोटातील कप्प्यांत ठेवतात (पहा : रडार). नाकाच्या दोन्ही बाजूंसही रडार-फलक आहेत. झोताची दिशा बदलणाऱ्या नळकांड्यांमुळे विमान झटकन वळते. खरी अडचण इंजिनाची : सुरुवातीची विमाने एएल-४१एफ१ या अंतरिम इंजिनावर उडाली. नव्या इंजिनाची उड्डाणचाचणी २०१७ मध्ये सुरू झाली (पहा : झोत एंजिन).

भारत या विमानावर आधारित संयुक्त प्रकल्पात २००७ पासून सहभागी होता. २०१८ मध्ये तो बाहेर पडला. नाशिकजवळील ओझरच्या कारखान्यात बनलेले एसयू-३०एमकेआय सुखोईच्याच आधीच्या पिढीतले (पहा : हिंदुस्तान एरोनॉटिक्स). सुखोईच्याच एसयू-७५ या एकइंजिनी विमानाची प्रतिकृती २०२१ मध्ये मॉस्कोजवळ झुकोव्स्की येथे मांडली गेली.